तक्ता पडद्यावर एक, कागदावर दुसरा: वर्डमधील तक्त्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात टंकलेखन आणि छपाईची कामे करणाऱ्याकडे दूध संस्थांची फॅट आणि एसएनएफची (दुधातील स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन पदार्थांची) पत्रके, पाणीपुरवठा संस्थांच्या आकारणीच्या याद्या, ऊस बिलांचे गोषवारे, तालीम मंडळांचे गणेशोत्सवाचे जमाखर्च आणि शाळांचे निकाल असे कागद वर्षभर येत असतात, आणि तक्त्याशिवाय यांतले एकही काम पुरे होत नाही. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये अहवालांची गर्दी होते आणि पडद्यावर नीट दिसणारा ताळेबंद कागदावर विस्कटल्याच्या तक्रारी याच दिवसांत सर्वाधिक येतात. पुढील उत्तरे मुख्यतः मायक्रोसॉफ्ट वर्डला धरून लिहिली आहेत. लिबरऑफिस रायटर आणि गूगल डॉक्स वापरणाऱ्यांसाठी शेवटी स्वतंत्र प्रश्न आहेत. मेनूंची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच, पण देवनागरीत दिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तक्त्यात कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत 'टेबल डिझाइन' आणि त्याच्या शेजारी तक्त्यापुरते वेगळे 'लेआउट' अशी दोन नावे उगवतात. पानाची मांडणी ठरवणारे नेहमीचे 'लेआउट' निराळे आहे. खाली जिथे तक्त्याचे लेआउट म्हटले आहे, तिथे उजवीकडचे, कर्सर तक्त्यात असतानाच दिसणारे लेआउट समजावे.

तक्ता बिघडला आहे, पण दोष फाइलमध्ये आहे, पडद्यात आहे की प्रिंटरमध्ये, हे कसे ओळखावे?

सर्वांत आधी हाच प्रश्न सोडवावा, कारण तो न सोडवता केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा नवा बिघाड करते. प्रिंटरचा दोष असताना अनेक जण रकान्यांची रुंदी बदलत बसतात, आणि फाइलचा दोष असताना टोनरचे (छपाईच्या भुकटीचे) कार्ट्रिज बदलून आणतात.

पद्धत सोपी आहे. 'व्ह्यू' मेनूमधून 'प्रिंट लेआउट' निवडावे, कारण 'ड्राफ्ट' किंवा 'वेब लेआउट' या दृश्यांत कागदाच्या कडा, पानांचे तुकडे आणि पुन्हा येणारी मथळ्याची ओळ दिसतच नाही. मग कंट्रोल आणि पी दाबून छपाईपूर्व दृश्य पाहावे. त्यानंतर प्रिंटरच्या यादीतून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडून एक पीडीएफ काढावी. विंडोज १० पासून ही सोय संगणकात असतेच. पीडीएफमध्येही तोच दोष दिसला, तर तो फाइलचा आहे. पीडीएफ निर्दोष असून कागद बिघडला, तर दोष प्रिंटरचा, त्याच्या ड्रायव्हरचा (संगणक आणि प्रिंटर यांना जोडणाऱ्या प्रणालीचा) किंवा कागदाचा आहे. पीडीएफ आणि कागद दोन्ही बरोबर असून केवळ काम करताना पडद्यावर तक्ता विचित्र दिसत असेल, तर फाइलला हात लावू नये. तो झूमचा किंवा दृश्याचा प्रश्न आहे. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि पुढची सर्व उत्तरे ती झाली आहे असे धरूनच लिहिली आहेत.

पडद्यावर रेघा दिसतात, पण छापल्यावर तक्ता बिनरेघांचा येतो. असे का होते?

वर्डमध्ये दोन प्रकारच्या रेघा असतात. 'ग्रिडलाइन्स' या केवळ काम करणाऱ्याला सेल (तक्त्यातील चौकोन) कुठे आहेत हे कळावे म्हणून दाखवलेल्या तुटक, फिकट रेघा असून त्या कधीच छापल्या जात नाहीत. 'बॉर्डर्स' या तक्त्याच्या खऱ्या रेघा असून त्याच कागदावर उमटतात. तक्त्याच्या लेआउटमधील 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' एकदा बंद करून पाहावे. रेघा नाहीशा झाल्या, तर त्या मुळात आखलेल्याच नव्हत्या. अशा वेळी संपूर्ण तक्ता निवडून 'टेबल डिझाइन', 'बॉर्डर्स', 'ऑल बॉर्डर्स' असे करावे. कंट्रोल, ऑल्ट आणि यू या कळा चुकून एकत्र दाबल्या गेल्या, तरी तक्त्याच्या सर्व रेघा जातात. रेघा आपोआप गेल्या असे ज्यांना वाटते, त्यांच्या बाबतीत कारण पुष्कळदा हेच निघते.

रेघा आखलेल्या आहेत, तरी कागदावर त्या फिकट, तुटक किंवा अर्धवट येतात.

प्रथम रेघेची जाडी पाहावी. नव्या तक्त्याला वर्ड साधारणपणे अर्धा पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) जाडीची रेघ देतो, पण एक्सेलमधून किंवा संकेतस्थळावरून चिकटवलेल्या तक्त्यात ती पाव पॉइंट आणि रंगाने करडी असू शकते. करडा रंग काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर ठिपक्यांच्या जाळीने छापला जातो. रेघ जाळीपेक्षा बारीक असली की तिचे तुकडे पडतात. रेघ काळी आणि पाऊण किंवा एक पॉइंट जाडीची केली की बहुतेक वेळा प्रश्न संपतो.

त्यानंतर प्रिंटरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये टोनर वाचवण्याची किंवा 'ड्राफ्ट' छपाईची निवड चालू नाही ना, हे पाहावे. वर्डच्या 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड', 'प्रिंट' या भागातही 'यूज ड्राफ्ट क्वालिटी' अशी एक खूण असते. ती काढलेली असावी.

कोल्हापूरसाठी तिसरे कारण महत्त्वाचे आहे, ते म्हणजे ओला कागद. आषाढ-श्रावणात हवेत इतका दमटपणा असतो की उघडे ठेवलेले रीम (कागदाचा गठ्ठा) एका रात्रीत ओल धरते. दमट कागदावर टोनर नीट ओढला जात नाही आणि नीट भाजलाही जात नाही, त्यामुळे बारीक रेघा आणि लहान अंक आधी फिकट होतात आणि कागद कडेने वळून अडकतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या संस्थांनी पावसाळ्यात रीमचे वेष्टन लागेल तेवढेच उघडावे, उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि रात्री प्रिंटरच्या ट्रेमध्ये कागद ठेवू नये. ही काळजी घेतल्यावर प्रिंटर दुरुस्तीला नेण्याची गरज पडली नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

झूम कमी-जास्त केल्यावर काही रेघा गायब होतात आणि पुन्हा येतात.

हा दोष नाही. पडद्यावरचे ठिपके मोजके असतात. बारीक रेघ दोन ठिपक्यांच्या मध्ये पडली की ती एका झूमला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. १०० टक्के झूमवर पाहावे. ॲडोबी रीडरमध्ये पीडीएफच्या रेघा असमान जाडीच्या दिसत असतील, तर 'प्रेफरन्सेस'च्या 'पेज डिस्प्ले'मध्ये असलेली 'एन्हान्स थिन लाइन्स' ही खूण बदलून पाहावी. छपाईवर तिचा परिणाम होत नाही.

उजवीकडचा शेवटचा रकाना कापला जातो किंवा कागदाबाहेर जातो.

तक्त्यांच्या सर्व तक्रारींत ही सर्वांत त्रासदायक आहे, कारण शेवटच्या रकान्यातच बहुधा एकूण रक्कम असते. एका संस्थेच्या अहवालाच्या प्रती मी स्वतः अशा काढल्या होत्या की त्यांत येणे बाकीचा रकाना अर्धा गेला होता. पहिली प्रत डोळ्यांखालून घातली असती, तर सगळा कागद वाचला असता.

कारण समजण्यासाठी थोडे गणित करू. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. डावा आणि उजवा समास प्रत्येकी २.५४ सेंटिमीटर सोडला, तर मजकुराला १५.९२ सेंटिमीटर उरतात. आता जिल्ह्यातील करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, गडहिंग्लज, आजरा आणि चंदगड हे १२ तालुके आडवे मांडायचे ठरवले, तर एक तपशिलाचा आणि एक एकूणाचा धरून १४ रकाने होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १.१४ सेंटिमीटर येते. वर्ड प्रत्येक सेलमध्ये डावीकडे आणि उजवीकडे ०.१९ सेंटिमीटर मोकळी जागा स्वतःहून ठेवतो. म्हणजे अक्षरांना पाऊण सेंटिमीटर उरला. त्यात 'हातकणंगले' मावणार कसे? मग एक तर शब्द मध्येच तुटतो, नाही तर रकाना रुंदावतो आणि तक्ता कागदाबाहेर जातो.

यावर उपाय तीन असून ते या क्रमाने करावेत. पहिला उपाय मांडणीचा आहे: तालुके ओळींत घ्यावेत आणि तपशील रकान्यांत. उभ्या कागदाला लांब यादी मानवते, रुंद यादी मानवत नाही, आणि वाचणाऱ्यालाही एकाखाली एक नावे वाचणे सोपे जाते. ते शक्य नसेल, तर पान आडवे करावे. त्यासाठी तक्त्याच्या आधी आणि नंतर 'लेआउट', 'ब्रेक्स', 'सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज' घालून केवळ मधल्या भागाचे 'ओरिएंटेशन' बदलावे, म्हणजे बाकीचा अहवाल उभाच राहतो. समास १.२७ सेंटिमीटर ठेवले, तर आडव्या ए-फोरवर २७.१६ सेंटिमीटर मिळतात आणि वरच्या उदाहरणात प्रत्येक रकान्याला १.९४ सेंटिमीटर येतात. मथळ्यातील नावे 'टेक्स्ट डायरेक्शन'ने उभी फिरवली, तर एवढ्यात काम होते. तिसरा उपाय अक्षरे लहान करण्याचा. तो सर्वांत शेवटी ठेवावा, कारण सभासदांत वयस्कर माणसे पुष्कळ असतात.

तक्ता मुळात पानात मावण्याजोगा असूनही बाहेर गेला असेल, तर तक्त्याच्या लेआउटमध्ये 'ऑटोफिट', 'ऑटोफिट विंडो' असे करावे. तक्ता समासांच्या आत येतो. टंकताना रकाने सारखे हलत असतील, तर 'टेबल प्रॉपर्टीज'मधील 'ऑप्शन्स' उघडून 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' ही खूण काढावी. तेथेच 'टेबल' या पानावर 'इंडेंट फ्रॉम लेफ्ट'मध्ये उणे आकडा आला आहे का, हेही पाहावे.

छपाईपूर्व दृश्यात सर्व बरोबर आहे, तरी कागदाच्या कडेची रेघ उमटत नाही.

घरगुती आणि कार्यालयीन प्रिंटर कागदाच्या अगदी काठापर्यंत छापू शकत नाहीत. सुमारे ४ ते ६ मिलिमीटरची पट्टी कोरी राहते. समास किमान एक सेंटिमीटर ठेवावा. 'मार्जिन्स छपाईच्या क्षेत्राबाहेर आहेत' अशी सूचना आल्यावर ती न वाचता पुढे जाण्याची सवय मोडावी.

खालच्या एक-दोन ओळी पुढच्या पानावर जातात किंवा पूर्ण तक्ता थोडा लहान छापला जातो.

कागदाचा आकार जुळत नाही. अमेरिकी पद्धतीचा 'लेटर' आकार २१६ गुणिले २७९ मिलिमीटर, तर ए-फोर २१० गुणिले २९७ मिलिमीटर असतो. उंचीतील हा १८ मिलिमीटरचा फरक म्हणजे मराठी तक्त्याच्या साधारण दोन ओळी. लीगल कागद ३५६ मिलिमीटर उंच असतो आणि जुन्या नमुन्यांच्या फाइली अजूनही त्या मापात सापडतात. पानाचा आकार फाइलमध्ये, प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि ट्रेमध्ये असा तिन्ही ठिकाणी एकच हवा. पीडीएफवरून छापताना 'फिट'ऐवजी 'ॲक्चुअल साइझ' निवडावे.

मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर यावी म्हणून काय करावे? केले, तरी येत नाही.

पहिल्या ओळीत कर्सर ठेवून तक्त्याच्या लेआउटमधील 'रिपीट हेडर रोज' दाबावे. मथळा दोन ओळींचा असेल, तर पहिलीपासून दोन्ही ओळी निवडाव्यात. केवळ दुसरी ओळ निवडली, तर ही सोय चालत नाही.

तरीही मथळा येत नसेल, तर तीन कारणे तपासावीत. एक, दृश्य 'प्रिंट लेआउट' नसणे. दोन, तक्त्याच्या मध्ये कोणी कंट्रोल आणि एंटर दाबून पान तोडलेले असणे. हाताने तोडलेल्या पानानंतर मथळा पुन्हा येत नाही, तो केवळ पान आपोआप भरल्यावर येतो. तीन, 'टेबल प्रॉपर्टीज'मध्ये 'टेक्स्ट रॅपिंग' हे 'अराउंड' असणे. ते 'नन' करावे. प्रत्येक पानावर मथळा हाताने टंकण्याचा मार्ग मात्र कधीही स्वीकारू नये. पुढे एक सभासद वाढला की सगळे मथळे पानांच्या मधोमध येऊन बसतात.

एकाच सभासदाची ओळ दोन पानांत तुटते. ती जोडायला गेले, तर अर्धे पान कोरे राहते.

ओळ तुटू नये म्हणून तक्ता निवडून 'टेबल प्रॉपर्टीज', 'रो' येथील 'अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस' ही खूण काढावी. नावे आणि रकमांच्या तक्त्यांसाठी हे योग्य आहे. सभेच्या इतिवृत्तासारख्या तक्त्यात मात्र एकेका सेलमध्ये अर्धे पान मजकूर असतो. तेथे ही खूण काढली की पूर्ण ओळ पुढच्या पानावर उडी मारते आणि मागे मोठी जागा रिकामी राहते. अशा तक्त्यात ओळ तुटू द्यावी.

तक्त्याचा खालचा भाग पानाखाली नाहीसा होतो, पुढच्या पानावर येतच नाही.

ओळीची उंची 'एक्झॅक्टली' ठरवलेली असेल, तर ती ओळ दोन पानांत विभागली जात नाही आणि सेलमध्ये न मावणारा मजकूर झाकला जातो. 'रो' या पानावर 'ॲट लीस्ट' निवडावे. त्याचप्रमाणे तक्ता निवडून 'पॅराग्राफ', 'लाइन अँड पेज ब्रेक्स' येथील 'कीप विथ नेक्स्ट' काढावे आणि 'टेक्स्ट रॅपिंग' 'नन' करावे. तक्त्यात तक्ता घातलेला असेल, तर आतला तक्ता बाहेर काढणे हाच खरा उपाय होय.

रफार, वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जातात. उकार खालच्या रेघेला टेकतात.

देवनागरी अक्षराला रोमन अक्षरापेक्षा वर आणि खाली अधिक जागा लागते. 'र्की', 'र्थैं' यांसारख्या जोडण्यांत शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार दाटीने बसतात, तर 'हृ', 'द्धू' यांत खाली तेवढीच दाटी होते. इंग्रजी नमुन्यावरून बनवलेल्या तक्त्यात ओळींतील अंतर 'एक्झॅक्टली १२ पॉइंट' असे बांधून ठेवलेले असते आणि त्या चौकटीबाहेर गेलेला अक्षराचा भाग कापला जातो. 'पॅराग्राफ'मध्ये 'लाइन स्पेसिंग' हे 'सिंगल' करावे. तेच नको असेल, तर 'ॲट लीस्ट' करावे.

दुसरी गोष्ट सेलच्या आतील मोकळ्या जागेची. वर्ड डावी-उजवी जागा सोडतो, पण वरची आणि खालची शून्य ठेवतो. त्यामुळे शिरोरेघेवरचे चिन्ह तक्त्याच्या रेघेला चिकटते आणि लहान टंकात अनुस्वार आहे की नाही हेच कळत नाही. 'टेबल प्रॉपर्टीज', 'ऑप्शन्स' येथे वर आणि खाली प्रत्येकी ०.०५ ते ०.१ सेंटिमीटर जागा द्यावी. तक्ता थोडा लांबतो, पण सभासदाचे नाव शुद्ध वाचता येते, आणि आपले नाव चुकीचे छापलेले कोणालाही आवडत नाही.

फॉन्टची निवडही परिणाम करते. मंगल या फॉन्टची ओळ मोकळी आणि उंच असते. निर्मला यूआय तुलनेने आटोपशीर आहे. कोकिळा आणि उत्साह हे त्याच पॉइंटला बरेच लहान दिसतात. एका तक्त्यात दोन फॉन्ट मिसळले, तर ओळींची उंची असमान होते.

पेन ड्राइव्हवरून फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, तर मराठीऐवजी भलतीच अक्षरे दिसतात आणि रकाने विस्कटतात.

येथे दोन वेगळे प्रश्न आहेत. भलतीच रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत असतील, तर मजकूर युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात) नसून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. अशा फाइलमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. रोमन चिन्हाच्या जागी मराठी आकार दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळ चिन्हेच उघडी पडतात. फॉन्ट बदलून ती मराठी होत नाहीत. एक तर तोच फॉन्ट बसवावा लागतो किंवा परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. परिवर्तनानंतर अंक, दशांशचिन्हे आणि जोडाक्षरे मूळ कागदाशी ताडून पाहावीत. माझे स्पष्ट मत असे की दरवर्षी लागणारे तक्ते एकदा कष्ट घेऊन युनिकोडमध्ये आणून ठेवावेत.

मजकूर मराठीच दिसतो पण रकाने आणि पाने बदलली आहेत, असे असेल, तर तेथे मूळ फॉन्ट नसल्याने वर्डने दुसरा वापरला आहे. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' येथील 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' निवडल्यास, फॉन्टला तशी मुभा असेल तर, तो फाइलसोबत जातो. प्रिंटर बदलला तरीही पाने थोडी सरकू शकतात, कारण मांडणी करताना वर्ड निवडलेल्या प्रिंटरचाही विचार करतो. झेरॉक्सच्या दुकानात किंवा छापखान्यात देताना म्हणूनच पीडीएफ द्यावी आणि वर्डची फाइल केवळ दुरुस्तीसाठी जवळ ठेवावी.

तक्त्यातील मराठी अक्षरांचा आकार बदलत नाही; इंग्रजी अंकांचा मात्र बदलतो.

वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा साठवतो. तक्ता निवडून कंट्रोल आणि डी दाबावे, आणि तेथील 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या भागात मराठीचा फॉन्ट व आकार द्यावा.

तक्त्यानंतर एक कोरे पान छापले जाते.

तक्त्याच्या मागे एक परिच्छेदखूण असावीच लागते. ती पुसता येत नाही. तक्ता पान पूर्ण भरून बसला की ही खूण पुढच्या पानावर जाते. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबून ती दिसू द्यावी, निवडावी, तिचा आकार १ पॉइंट करावा आणि परिच्छेदाआधीचे व नंतरचे अंतर शून्य करावे.

आकडे दुरुस्त केले, तरी एकूण बेरीज जुनीच छापली गेली.

वर्डमधील सूत्र एक्सेलप्रमाणे आपोआप बदलत नाही. पूर्ण मजकूर निवडून एफ ९ दाबावे, आणि 'ऑप्शन्स', 'डिस्प्ले' येथे 'अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग' ही खूण करून ठेवावी. हिशेबाच्या कागदावर मात्र एवढ्यावर विसंबू नये. बेरीज एक्सेलमध्ये करून आणावी आणि छापण्यापूर्वी कॅल्क्युलेटरवर पुन्हा पडताळावी.

मथळ्याची रंगीत पट्टी छापल्यावर काळी होते आणि अक्षरे वाचता येत नाहीत.

काळ्या-पांढऱ्या प्रिंटरला गडद निळा, गडद हिरवा आणि गडद लाल हे जवळजवळ सारखेच काळे दिसतात. मथळ्याला १० ते १५ टक्के करडी छटा आणि ठळक काळी अक्षरे द्यावीत. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही ती टिकतात. वर्ड 'डार्क मोड'मध्ये चालवत असाल, तर पडद्यावर पान काळे दिसले तरी कागद पांढराच येतो. त्या दृश्यात हाताने पांढरा रंग दिलेली अक्षरे मात्र कागदावर दिसत नाहीत. अक्षरांचा रंग 'ऑटोमॅटिक' ठेवावा.

रकाने स्पेस देऊन जुळवले होते. छापल्यावर आकडे वाकडेतिकडे आले.

टंकलेखन यंत्रावर प्रत्येक अक्षराची जागा सारखी असे, म्हणून तेथे स्पेस मोजून स्टेटमेंट जुळवता येई. संगणकावरील मराठी फॉन्टमध्ये 'र' अरुंद आणि 'क्ष' रुंद असतो, त्यामुळे ती विद्या येथे चालत नाही. रकान्यांतील स्पेसच्या रांगा काढून प्रत्येक ठिकाणी एकच टॅब द्यावा, मजकूर निवडावा आणि 'इन्सर्ट', 'टेबल', 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल' करावे. रकमांचा रकाना उजवीकडे जुळवावा. मोठ्या यादीला हे काम तासाभराचे असते, पण ते एकदाच करावे लागते.

लिबरऑफिस रायटरमध्ये हीच कामे कुठे करावीत?

'टेबल', 'प्रॉपर्टीज' उघडून 'टेक्स्ट फ्लो' या पानावर जावे. तक्ता पानांत विभागू देणे, ओळ तुटू देणे आणि 'रिपीट हेडिंग' या तिन्ही सोयी एकाच ठिकाणी आहेत. रुंदी 'टेबल' या पानावर असते; तेथे 'ऑटोमॅटिक' निवडले की तक्ता समासांत बसतो. फाइलच्या सुरुवातीलाच तक्ता असून त्याच्या वर शीर्षक टंकायचे असेल, तर पहिल्या सेलच्या आरंभी ऑल्ट आणि एंटर दाबावे. खुणा दाखवण्यासाठी कंट्रोल आणि एफ १० आहे. मराठीचा फॉन्ट बदलण्यासाठी भाषेच्या मांडणीत 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू असावे लागते.

गूगल डॉक्समधला किंवा मोबाइलवरचा तक्ता छापताना बिघडतो.

डॉक्समध्ये 'फाइल', 'पेज सेटअप' येथे 'पेजलेस' निवडलेले असेल, तर पडद्यावर कागदाची कडच नसते आणि रुंद तक्ता छापताना अडचण येते. 'पेजेस' आणि ए-फोर निवडून मग रकाने आखावेत. मथळ्याच्या ओळीवर उजवी कळ दाबून ती 'पिन' करता येते. मोबाइलवरचे वर्ड मजकूर लहान पडद्याला जुळवून दाखवते. तो तक्त्याचा खरा आकार नव्हे, म्हणून मोबाइलवर पाहून रकाने बदलू नयेत.

सर्व उपाय केले, तरी एकच तक्ता वेडावाकडा वागतो.

आधी फाइलच्या नावाशेजारी 'कंपॅटिबिलिटी मोड' असे लिहिले आहे का, ते पाहावे. तसे असल्यास फाइल जुन्या पद्धतीची आहे. तिची प्रत ठेवून 'फाइल', 'इन्फो', 'कन्व्हर्ट' करावे. त्याने भागले नाही, तर तक्त्याची आतील रचना बिघडली आहे असे समजावे. अनेक वर्षे एकाच फाइलवर नवे वर्ष टंकत राहणे, सेल जोडणे आणि तोडणे, निरनिराळ्या ठिकाणांहून तुकडे चिकटवणे यांमुळे असे होते. तक्ता निवडून तक्त्याच्या लेआउटमधील 'कन्व्हर्ट टू टेक्स्ट' करावे आणि विभाजक म्हणून टॅब निवडावा. तो मजकूर नव्या कोऱ्या फाइलमध्ये 'कीप टेक्स्ट ओन्ली' पद्धतीने चिकटवावा, त्याचा पुन्हा तक्ता करावा, रेघा आणि मथळा नव्याने द्यावा, आणि ओळींची संख्या व शेवटची बेरीज जुन्या कागदाशी जुळते का ते पाहूनच जुनी फाइल बाजूला ठेवावी.